सूप वाजण्याआधी: टेक्सासच्या १९२७ क्रमांकाच्या विधेयकाचं प्रकरण

२३ मे २०२१, रविवारची रात्र. टेक्सासच्या विधिमंडळाचं सूप वाजायला आठ दिवस उरले होते आणि ऑस्टिनमधल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या इमारतीत सुट्टीच्या दिवशीही प्रतिनिधिगृह भरलेलं होतं. तिथं मतदान बटणावर चालतं. बाकावरचं बटण दाबलं की भिंतीवरच्या फलकावर नावापुढे हिरवा नाहीतर लाल दिवा लागतो. शेवटच्या दिवसांत विधेयकं आणि दुरुस्त्या अशा अंगावर येतात की सगळं वाचून मत द्यायचं ठरवलं तर कोणी घरी जाणार नाही. मग दोन्ही बाजूंचा एकेक जाणता सभासद हात वर करतो. एक बोट म्हणजे होकार, दोन बोटं म्हणजे नकार. बाकीचे बोटं बघतात आणि बटण दाबतात.

त्या रात्री हाउस बिल १९२७ च्या तडजोडीच्या मसुद्याला ८२ मतं बाजूने आणि ६२ विरोधात पडली. दुसऱ्या दिवशी सिनेटने तोच मसुदा १७ विरुद्ध १३ ने मंजूर केला. वय २१ किंवा त्याहून जास्त आहे आणि बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नाही, अशा कोणालाही पिस्तूल जवळ ठेवून हिंडायला यापुढे परवाना लागणार नव्हता. उघडं बाळगायचं तर ते होल्स्टरमध्ये असलं पाहिजे, एवढीच अट. तोवर परवान्यासाठी चार ते सहा तासांचं प्रशिक्षण, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, बोटांचे ठसे आणि ४० डॉलर लागत. असे परवानाधारक राज्यात १६ लाखांवर होते.

बाहेरून बघणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. टेक्सास म्हणजे बंदूक, त्यात काय? पण कोडं इथंच आहे. या राज्यात १९९५ पासून गव्हर्नर रिपब्लिकन आणि २००३ पासून दोन्ही सभागृहंही त्याच पक्षाकडे. म्हणजे २००३ ते २०१९ अशी नऊ नियमित अधिवेशनं बहुमत हाताशी असूनही विनापरवाना पिस्तुलाचा कायदा झाला नाही आणि दहाव्यात झाला. मतं तीच, पक्ष तोच. बदललं काय? माझं उत्तर असं की बंदुकीचं राजकारण फारसं बदललं नव्हतं, घड्याळाचं राजकारण बदललं होतं.

हे घड्याळ आधी समजून घ्यावं लागेल. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी भरतं आणि १४० दिवसांत उठतं. ही मर्यादा राज्याच्या घटनेतच आहे. सभासदांना पगार महिन्याला ६०० डॉलर. तेवढ्यात ऑस्टिनमध्ये खोलीचं भाडंही सुटत नाही. त्यामुळे बहुतेकांची वकिली, शेती नाहीतर धंदा चालूच असतो. दर दोन वर्षांनी १४० दिवस भरवण्याऐवजी दर १४० वर्षांनी दोन दिवस भरवलं असतं तर बरं झालं असतं, असा तिथला जुना विनोद आहे.

आपल्याकडे अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही. राज्यघटनेच्या १९६ व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. नागपूरला राहिलेलं मुंबईत घेता येतं, विधानसभा विसर्जित होईपर्यंत त्याला धुगधुगी असते. (शस्त्रांचा विषय आपल्याकडे मुळातच केंद्राचा, १९५९ चा शस्त्र कायदा संसदेचा. त्यामुळे असलं विधेयक आपल्या विधान भवनात यायचा प्रश्नच नाही.) टेक्सासात मात्र १४० वा दिवस मावळला की अडकलेलं सगळं मेलं. पुढल्या खेपेस नवा क्रमांक, नवी समिती, पुन्हा श्रीगणेशा. गव्हर्नरला तीस दिवसांचं खास अधिवेशन बोलावता येतं, पण त्यात विषय कोणते घ्यायचे हे तोच ठरवतो.

आणि १४० वा दिवस हा नुसता शेवटचा खिळा. त्याच्या अलीकडे छोटे छोटे मृत्यू ठरलेले असतात. प्रतिनिधिगृहातलं विधेयक ११९ व्या दिवसापर्यंत समितीतून बाहेर पडलं पाहिजे. १२२ व्या दिवशी मध्यरात्री प्रतिनिधिगृहाच्या स्वतःच्या विधेयकांवरची चर्चा संपते, १३४ व्या दिवशी मध्यरात्री सिनेटकडून आलेल्यांवरची. समितीतून सुटलेलं विधेयक कोणत्या दिवशी घ्यायचं हे कॅलेंडर समिती ठरवते. आपल्या कामकाज सल्लागार समितीची ही थोरली बहीण म्हणा. तिने विधेयक यादीत घेतलंच नाही तर कोणी विरोधात मत दिल्याची नोंदही राहत नाही, विधेयक नुसतं दिसेनासं होतं. अल्पमतातल्या पक्षाकडे उरतो तो वेळकाढूपणा. क्षुल्लक विधेयकावरही मायक्रोफोनपाशी उभं राहून प्रश्नांवर प्रश्न विचारायचे, म्हणजे खालच्या विधेयकाची पाळी मध्यरात्रीपलीकडे जाते. तिथं याला ‘चबिंग’ म्हणतात. दुसरं हत्यार हरकतीच्या मुद्द्याचं. समितीच्या कागदात एक तारीख चुकली तरी विधेयक मागे जातं, आणि मे महिन्यात मागे जाणं म्हणजे संपणंच.

आता पिस्तुलाकडे. उघडं पिस्तूल बाळगायला टेक्सासात १८७१ पासून बंदी होती. काउबॉयच्या राज्यात ही बंदी एकशे चव्वेचाळीस वर्षं टिकली, हे सिनेमे बघून वाढलेल्यांना पटत नाही. गंमत म्हणजे रायफल खांद्यावर टाकून भर रस्त्यात फिरायला आडकाठी नव्हती. लपवून पिस्तूल ठेवायचा परवाना आला १९९५ मध्ये, त्याच्यामागे किलीन गावातल्या कॅफेटेरियामधलं १६ ऑक्टोबर १९९१ चं हत्याकांड होतं. त्यात २३ जण गेले. सुझॅना हप यांचे आईवडील त्यांच्या डोळ्यांदेखत मारले गेले आणि कायद्याच्या धाकाने सुझॅना यांनी आपलं पिस्तूल गाडीत ठेवलेलं होतं. त्यांची साक्ष राज्यभर गाजली. १९९३ मध्ये गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी या दिशेचं विधेयक नकाराधिकाराने अडवलं, दोन वर्षांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली.

पुढची मोठी चढाई २०१५ ची. त्या वर्षी दोन विधेयकं होती. परवानाधारकाला पिस्तूल उघड बाळगू देणारं लॅरी फिलिप्स यांचं हाउस बिल ९१०, आणि सरकारी विद्यापीठांच्या आवारात परवानाधारकाला लपवलेलं पिस्तूल नेऊ देणारं ब्रायन बर्डवेल यांचं सिनेट बिल ११. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, १३ जानेवारीला, उघड्या पिस्तुलाचे कार्यकर्ते सीमेवरच्या ईगल पासचे प्रतिनिधी पाँचो नेव्हारेझ यांच्या कार्यालयात घुसले. नेव्हारेझ यांनी बाहेर जायला सांगितलं तर एकाने दारात पाय अडकवला. सगळं चित्रित होत होतं. परिणाम असा झाला की सभागृहाने सभासदांच्या कार्यालयांत धोक्याची बटणं बसवायची मुभा दिली. ज्यांची मतं हवीत त्यांच्याच दारात पाय घालायचा, हा त्या मंडळींचा जुना रोग. तो पुढं पुन्हा उफाळणार होता.

विद्यापीठांच्या विधेयकाचा फैसला २६ मेच्या रात्री झाला, म्हणजे १३४ व्या दिवशी. डेमोक्रॅट सभासदांनी दुरुस्त्यांचा ढीग लावला होता. विद्यापीठांचा विरोध उघड होता. टेक्सास विद्यापीठ व्यवस्थेचे कुलपती तेव्हा विल्यम मॅक्रेव्हन होते. लादेनवरच्या कारवाईची सूत्रं हलवणारा हा निवृत्त अ‍ॅडमिरल सांगत होता की वर्गात पिस्तुलं नकोत. माणसाला बंदूक कळत नाही, असं त्याच्याविषयी कोणी म्हणू शकत नव्हतं. मध्यरात्र जवळ आली तसा पडद्याआड सौदा झाला. विद्यापीठांना आवारातले काही भाग पिस्तूलमुक्त ठेवता येतील. बदल्यात दुरुस्त्यांचा मारा थांबला आणि बारा वाजायच्या आत मतदान झालं. कायदा १ ऑगस्ट २०१६ ला लागू झाला. टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं होत होती.

मला जास्त रस आहे तो ९१० मध्ये. त्यात ह्यूस्टनचे डेमोक्रॅट हॅरॉल्ड डटन यांनी एक कलम घुसवलं होतं: निव्वळ पिस्तूल दिसतंय म्हणून पोलिसाने कोणाला थांबवून परवाना मागू नये. डटन कृष्णवर्णीय. पोलीस कोणाला थांबवतात आणि कोणाला ‘गुड मॉर्निंग’ करून सोडतात, हे त्यांच्या मतदारसंघाला सांगायची गरज नव्हती. सिनेटमध्ये हेच कलम उचलून धरलं डॅलसच्या डॉन हफाइन्स यांनी. हे कट्टर उजवे रिपब्लिकन, त्यांचं म्हणणं असं की सरकारने नागरिकाला विनाकारण हटकूच नये. दोन टोकं मागच्या बाजूने एकमेकांना भेटली होती. पोलिसांच्या संघटना मात्र खवळल्या. समोरच्याकडे परवाना आहे की नाही हे न विचारता कळायचं कसं, हा त्यांचा सवाल, आणि तो गैर नव्हता. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळं विधेयक या चार ओळींवर लटकलं. शेवटी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ते कलम काढलं गेलं आणि २९ मे रोजी, अधिवेशन संपायला तीन दिवस असताना, विधेयक सुटलं. १३ जूनला गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी फ्लूगरव्हिलच्या एका बंदिस्त नेमबाजी केंद्रात सह्या केल्या.

हे कलम लक्षात ठेवा. सहा वर्षांनी ते परत येतं.

मधली अधिवेशनं थोडक्यात. २०१७ मध्ये परवान्याचं शुल्क १४० डॉलरवरून ४० वर आलं. विनापरवान्याचं विधेयक तेव्हाही पुढं सरकलं नाही. २०१९ ची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी जोनाथन स्टिकलंड यांचं हाउस बिल ३५७ होतं. ‘टेक्सास गन राइट्स’ या संघटनेचे ख्रिस मॅकनट विधेयक हलत नाही म्हणून नेत्यांच्या घरांपर्यंत गेले. सभापती डेनिस बॉनन यांच्या लेक जॅक्सनच्या घरीही पोचले. बॉनन ऑस्टिनला होते, घरी बायको आणि मुलं. सभापती भडकले आणि त्यांनी विधेयक मेल्याचं जाहीर केलं. ज्या समितीकडे ते होतं, तिचे अध्यक्ष कोण? तेच पाँचो नेव्हारेझ, ज्यांच्या दारात २०१५ मध्ये पाय घातला होता. एवढं झाल्यावर दुसरं काय होणार?

त्याच वर्षी ३ ऑगस्टला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला. मृतांचा आकडा अखेर २३ वर गेला. महिना संपता संपता मिडलंड-ओडेसात आणखी सात जण मारले गेले. ओडेसाचा मारेकरी पार्श्वभूमी तपासणीत नापास झालेला होता आणि त्याने रायफल खासगी व्यवहारात मिळवली होती. सिनेटचं कामकाज चालवणारे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक हे रिपब्लिकनांतले पहिल्या फळीचे बंदूकसमर्थक. अनोळखी माणसांमधल्या विक्रीला तपासणी हवी, असं तेव्हा तेसुद्धा बोलून गेले. पण विधिमंडळ भरायला अजून सव्वा वर्षाहून जास्त वेळ होता. दोन वर्षांतून एकदा बसणाऱ्या सभागृहाचा हा गुण म्हणा की दोष, संताप थंड व्हायला त्यात भरपूर वेळ मिळतो.

१२ जानेवारी २०२१ ला ८७ वं अधिवेशन सुरू झालं तेव्हा डोक्यावर कोविड होता. फेब्रुवारीत हिमवादळाने राज्याची वीज घालवली, लाखो घरं गारठली, आणि पुढचे कित्येक आठवडे विधिमंडळ विजेच्या तारांत अडकलं. पिस्तुलाला वेळ मिळेल असं कोणाला वाटत नव्हतं. मात्र बॉनन एका चोरट्या ध्वनिमुद्रणाच्या भानगडीत राजकारणातून बाहेर पडले होते. नवे सभापती बोमाँटचे डेड फेलन यांना कोणी घरी जाऊन डिवचलेलं नव्हतं. टायलरचे मॅट शेफर यांनी विधेयक आणलं, त्याला क्रमांक मिळाला १९२७. प्रतिनिधिगृहात १५ एप्रिलला ते ८४ विरुद्ध ५६ ने पहिल्या मतदानात पार पडलं आणि दुसऱ्या दिवशी अंतिम मंजुरी घेऊन सिनेटकडे गेलं. काही डेमोक्रॅटही बाजूने होते. एल पासोच्या प्रतिनिधींनी २०१९ च्या आश्वासनांची आठवण करून दिली, त्याचा मतांवर परिणाम झाला नाही.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती तारीख. १६ एप्रिल म्हणजे ९५ वा दिवस. २०१५ मध्ये विद्यापीठांचं विधेयक १३४ व्या दिवशी धापा टाकत पोचलं होतं. इथं हाताशी तब्बल पंचेचाळीस दिवस होते. सिनेटने ते बदललं तरी भांडायला वेळ होता.

सिनेटमध्ये मात्र घोडं अडलं. पॅट्रिक यांनी सरळ सांगितलं की मतं नाहीत. मतं नाहीत म्हणजे काय, हे नीट बघायला हवं. सिनेटमध्ये ३१ सभासद. साधं बहुमत १६ चं, पण कोणतंही विधेयक चर्चेला घ्यायचं तर जास्त मतं लागतात. वर्षानुवर्षं ही अट दोन तृतीयांशांची होती, म्हणजे २१. पॅट्रिक आल्यावर २०१५ मध्ये ती तीन पंचमांश झाली, म्हणजे १९. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांची एक जागा गेली आणि ते १८ वर आले. लगेच जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलून अट पाच नवमांश केली गेली. पाच नवमांश म्हणजे किती? अठरा. टोपी डोक्याला बसेना तर टोपीच उसवून घेतली. विनोदी वाटतं, पण १९२७ चं भवितव्य खरं ठरलं ते या जानेवारीतल्या कंटाळवाण्या नियमबदलात. त्या दिवशी बंदुकीचं कोणी नावही काढलं नव्हतं. जुनी १९ ची अट राहिली असती तर सगळे रिपब्लिकन एकत्र येऊनही विधेयक पटलावर आलं नसतं.

अर्थात १८ पैकी अठराही लागणार होते, एकही फुटून चालणार नव्हता. आणि पोलीसप्रमुख, परवान्याचे प्रशिक्षक यांचा विरोध सिनेटरांच्या कानावर रोज जात होता. पॅट्रिक यांनी मग घटनात्मक प्रश्नांसाठी एक खास समितीच काढली, चार्ल्स श्वर्टनर यांच्याकडे अध्यक्षपद दिलं आणि विधेयक तिकडे वळवलं. एप्रिलच्या शेवटी अ‍ॅबट यांनी सही करीन असं सांगून टाकलं. त्यानंतर कुंपणावर बसून राहणं एकेका सिनेटरला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पुढच्या प्राथमिक निवडणुकीत महागात पडलं असतं. २९ एप्रिलला सुनावणी झाली. ५ मे रोजी, म्हणजे ११४ व्या दिवशी, १८ विरुद्ध १३ ने मंजुरी. अठराच्या अठरा.

पण ही अठरा मतं फुकट आली नव्हती. सिनेटने विधेयकाला दुरुस्त्या जोडल्या. गंभीर गुन्ह्यात किंवा घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेला माणूस पिस्तुलासह सापडला तर जास्त शिक्षा. सार्वजनिक सुरक्षा विभागाने बंदूक हाताळणीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम द्यावा. आणि तिसरी गोष्ट, तेच जुनं भूत. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात पुन्हा एक कलम होतं की केवळ पिस्तूल आहे म्हणून पोलिसाने कोणाची चौकशी करू नये. सिनेटने ते खोडलं.

२०१५ मध्ये पोलीस म्हणत होते, परवाना विचारू द्या. २०२१ मध्ये परवानाच उरत नव्हता, मग विचारायचं काय? तर समोरचा माणूस मनाई असलेल्यांपैकी आहे का, हे. पण गुन्हेगारीचा इतिहास कपाळावर लिहिलेला नसतो. म्हणजे परवाना काढून टाकल्यावर पोलिसाच्या हातातलं एकमेव साधं उत्तर गेलं आणि संशय तेवढा उरला. बंदूकवाल्यांना हवं होतं की संशयही काढून घ्यावा. पोलिसांना तो हवा होता. आणि ज्यांना सगळ्यांत आधी थांबवलं जातं, त्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या दृष्टीने हे कलम राहणंच हिताचं होतं, पण त्यांचे बहुतेक प्रतिनिधी विधेयकाच्याच विरोधात असल्याने या कलमासाठी खिंड लढवायला कोणी उरलं नाही. २०१५ ची ती विचित्र युती या खेपेस जमलीच नाही.

सिनेटच्या दुरुस्त्यांनी दुसरी भीती उभी केली. मूळ विषयाशी संबंध नसलेली दुरुस्ती जोडली गेली असेल तर प्रतिनिधिगृहात हरकतीचा मुद्दा येऊ शकतो, आणि एका अशा मुद्द्यावर सगळं विधेयक पडू शकतं. बंदूक संघटना याच धास्तीत होत्या. शेफर यांनी दुरुस्त्या जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत, प्रकरण संयुक्त समितीकडे नेलं. टेक्सासचं सिनेट आपल्या विधान परिषदेसारखं दुय्यम नाही, दोन्ही सभागृहांची मान्यता शब्दन् शब्द सारखी लागते. संयुक्त समितीलाही फक्त दोन मसुद्यांत जिथं फरक आहे तिथंच हात लावता येतो. त्याबाहेर जायचं तर सभागृहाने ठराव करून नियम शिथिल करावा लागतो. २३ मेच्या रात्री आधी तोच ठराव झाला. मग बोटं वर झाली, बटणं दाबली गेली. पोलिसांनी थांबवण्याविषयीचं कलम गेलं ते गेलंच. बाकी सिनेटच्या दुरुस्त्या बहुतेक राहिल्या.

बंदूकवाल्यांच्या कडव्या गटाला हा सौदा कडू लागला. मला विचाराल तर त्यांनी शहाणपणा केला. आठ दिवस आधी मिळालेला तीन चतुर्थांश घास त्यांनी तोंडात टाकला. तो का शहाणपणा होता, हे पुढच्याच रविवारी दिसलं.

३० मे, १३९ वा दिवस. प्रतिनिधिगृहासमोर मतदानाचे नियम कडक करणारं सिनेट बिल ७ होतं, रिपब्लिकन नेतृत्वाचं त्या वर्षीचं लाडकं विधेयक. तेही संयुक्त समितीतून आलेलं, तेही मतांनी भक्कम. मध्यरात्रीची मुदत होती. संध्याकाळपासून डेमोक्रॅट सभासद एकेक करून सभागृहातून सटकू लागले. गणपूर्तीला १५० पैकी १०० लागतात. साडेदहाच्या सुमारास बाक इतके रिकामे झाले की कामकाज थांबवावं लागलं, आणि विधेयक त्या अधिवेशनापुरतं मेलं. अ‍ॅबट यांना त्यासाठी खास अधिवेशनं बोलवावी लागली. १९२७ च्या वाटाघाटी आठवडाभर लांबल्या असत्या तर तेही त्याच रात्री त्याच रिकाम्या बाकांसमोर उभं असतं.

१६ जूनला अ‍ॅबट यांनी सही केली, १७ ला सॅन अँटोनियोच्या अलामोसमोर समारंभ झाला. अलामो म्हणजे टेक्सासची पावनखिंड म्हणायला हरकत नाही, निदान भावनेपुरती. तिथं बंदुकीची एकूण सात विधेयकं मांडली होती: नवे केंद्रीय बंदूक नियम राबवायला राज्याच्या यंत्रणांना मनाई करणारं जस्टिन हॉलंड यांचं २६२२, राज्यातच बनलेल्या सायलेन्सरचं ९५७, आपत्तीच्या नावाखाली बंदुकीची दुकानं बंद करू नयेत असं सांगणारं १५००, हॉटेलच्या खोलीत पाहुण्याला पिस्तूल ठेवू देणारं सिनेट बिल २०, आणि अशीच आणखी. १९२७ सोडलं तर यातल्या एकाचीही शेवटच्या आठवड्यात झोप उडाली नव्हती. अधिवेशन संपताना सहज सुटतात ती अशी विधेयकं, ज्यांच्यामुळे सामान्य माणसाचा दिवस बदलत नाही.

१ सप्टेंबरपासून कायदा लागू झाला आणि दिवस बदलला तो दुकानदाराचा. पिस्तूल आत नको असेल तर दारावर पाटी लावायची, पण साधी ‘बंदूक आणू नये’ पुरत नाही. दंडसंहितेतला ठरलेला मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, उठून दिसणाऱ्या रंगात, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत. लपवलेल्या पिस्तुलासाठी ३०.०६ ची पाटी, उघड्यासाठी ३०.०७ ची, आणि आता परवाना नसलेल्यांसाठी ३०.०५ ची. अक्षर इंचभर म्हटल्यावर एकेक पाटी वर्तमानपत्राच्या पानाएवढी होते. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्कोकडे मराठी घरं कमी नाहीत. तिकडे नव्याने आलेला माणूस डाळ-तांदूळ घ्यायला जातो तेव्हा एखाद्या काचेच्या दारावर भोपळ्याची नाहीतर दिवाळी सेलची जाहिरात वाचण्याआधी त्याला हे आकडे वाचावे लागतात. बरेच दिवस त्याला तो कुठल्यातरी आयकराच्या कलमाचा प्रकार वाटतो.

परवाना पद्धत रद्द मात्र झाली नाही, ऐच्छिक झाली. दुसऱ्या राज्यांत पिस्तूल न्यायचं तर अजूनही ती उपयोगी पडते. शिवाय ऑस्टिनच्या त्या गुलाबी इमारतीत परवानाधारकाला धातुशोधक यंत्राच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आयुष्यात पिस्तूल न बाळगलेल्या कित्येक लॉबीवाल्यांनी निव्वळ रांग चुकवायला परवाना काढलेला आहे.

घड्याळ दुसऱ्या बाजूवर कसं उलटतं, तेही दोन वर्षांनी दिसलं. २४ मे २०२२ ला, सिनेटच्या त्या अखेरच्या मतदानाला बरोबर वर्ष होत असताना, उव्हाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. १९२७ चा त्याच्याशी थेट संबंध जोडणं चूक ठरेल. तो कायदा पिस्तुलाचा, आणि मारेकऱ्याने अठरा वर्षं पूर्ण होताच रायफल रीतसर विकत घेतली होती. त्या भागाचे प्रतिनिधी ट्रेसी किंग यांनी २०२३ मध्ये हाउस बिल २७४४ आणलं: अशा अर्धस्वयंचलित रायफली विकत घ्यायचं वय १८ वरून २१ करा. समितीत ते आठवडे पडून राहिलं. ६ मेला डॅलसजवळच्या अ‍ॅलनच्या मॉलमध्ये आठ जणांचा बळी गेला. अ‍ॅलनही आपल्या लोकांच्या वस्तीतलंच, शनिवारी सहज चक्कर मारायचं ठिकाण. ८ मेला, म्हणजे ११९ व्या दिवशी, उव्हाल्डीचे पालक विधिमंडळाच्या मार्गिकेत घोषणा देत उभे होते. समितीचे अध्यक्ष रायन गियेन यांनी अनपेक्षितपणे मतदान घेतलं. ८ विरुद्ध ५ ने विधेयक समितीतून बाहेर पडलं. बाजूने मत देणाऱ्या दोन रिपब्लिकनांत सॅम हार्लेस होते आणि जस्टिन हॉलंड होते. २६२२ वाले हॉलंड.

पालक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. पण समितीतून सुटायचा तो शेवटचा दिवस होता, आणि चर्चेसाठी यादीत जागा मिळवायला उरले होते जेमतेम चोवीस-तीस तास. दुसऱ्या रात्री कॅलेंडर समितीची मुदत संपली तेव्हा यादीत २७४४ नव्हतं. विरोधात कोणी मत दिलं याची नोंद कुठं सापडणार नाही, कारण मतदान झालंच नाही.

हॉलंड २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत दुसऱ्या फेरीपर्यंत खेचले गेले आणि कॅट्रिना पिअरसन यांच्याकडून हरले.